लाइन स्वच्छ होती, आवाज मात्र तुटत होता

आमच्या संस्थेचे मुख्य कार्यालय आणि एक शाखा यांना जोडणारी एक भाड्याची लाइन आहे. दोन्हीकडच्या संगणकांची कामे तिच्यावरून चालतात आणि टेलिफोनही तिच्यावरूनच चालतात. या लाइनची देखभाल माझ्याकडे आहे. शाखेतून पहिली तक्रार आली ती अगदी साध्या शब्दांत होती: बोलताना मधलेच शब्द जातात. फोन कटत नाही, खरखर येत नाही. पलीकडचे माणूस बोलत असते आणि वाक्यातले दोन-तीन शब्द नाहीसे होतात. दहा-पंधरा मिनिटांनी सगळे पूर्ववत होते. या तक्रारीच्या मुळाशी पोहोचायला मला जवळजवळ तीन महिने लागले, आणि त्यातला बराच काळ लेटन्सी (माहिती पोहोचायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (माहितीचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, वाटेत गळणे) मोजण्यासाठी कोणते साधन घ्यावे हे ठरवण्यात गेला. त्या निवडीत मी कुठे चुकले आणि कशामुळे सावरले, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

तेव्हा आमच्याकडे देखरेखीची व्यवस्था नव्हती असे नाही. राउटर आणि स्विच या नेटवर्कच्या यंत्रांकडून एसएनएमपी या देखरेखीच्या पद्धतीने दर पाच मिनिटांनी आकडे गोळा होत असत. लाइन चालू आहे की बंद, किती वापरली जाते, पोर्टवर त्रुटी येतात का, एवढे त्यातून कळे. शाखेची लाइन २० एमबीपीएसची होती आणि कामाच्या वेळेत तिचा वापर सरासरी ३५ टक्क्यांच्या आसपास असे. पडद्यावर सगळे हिरवे होते. मी मुख्य कार्यालयातून शाखेच्या संगणकाला पिंग केले. शंभर पॅकेट गेली, शंभर परत आली. सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केला तेव्हा तिथल्या अभियंत्यानेही तेच सांगितले. “मॅडम, आमच्या बाजूने लाइन क्लीन दिसते आहे. लॉस कुठे दिसतोय ते पाठवा, मी तिकीट पुढे नेतो.” त्या वेळी मला त्याचा राग आला होता. आज मात्र त्याची मागणी रास्त होती असेच वाटते. माझ्या हातात पुरावा नव्हता.

पिंग हे साधन माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये लिहिले आणि पाणबुडीच्या सोनारमधल्या आवाजावरून त्याला नाव दिले. समोरच्या यंत्राला आयसीएमपी या तपासणी-संदेशांच्या पद्धतीची एक हाक द्यायची, तिचे उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचे, उत्तर आलेच नाही तर पॅकेट गळाले असे धरायचे, एवढेच त्याचे काम. चाळीस वर्षांनंतरही कोणताही नेटवर्क अभियंता प्रथम हात घालतो तो पिंगलाच, आणि ते योग्यच आहे. मात्र किती पॅकेट पाठवली आणि केव्हा पाठवली, याचा विचार न करता त्याच्या उत्तरावर विसंबणे धोक्याचे असते, हे मी कागदावर गणित मांडल्यावर मला नीट उमगले. समजा, लाइनवर खरोखरच १ टक्का पॅकेट गळत आहेत. विंडोजमधला पिंग आपणहून चार पॅकेट पाठवून थांबतो. त्या चारांपैकी एखादे तरी गळालेले दिसण्याची शक्यता अवघी ४ टक्के असते. वीस पॅकेट पाठवली तर ती १८ टक्क्यांवर जाते. पंचाण्णव टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ३०० पॅकेट पाठवावी लागतात, आणि तीही गळती चालू असतानाच. आमची गळती दिवसातून एखाद-दोन वेळा, दहा-पंधरा मिनिटे टिकणारी होती. ती संपल्यावर मी हजार पॅकेट पाठवली असती तरी काहीही दिसले नसते.

शाखेच्या लेखा विभागातल्या बाई एका वहीत आवाज तुटण्याच्या वेळा लिहून ठेवत होत्या. मी सांगण्याआधीच त्यांनी हे सुरू केले होते. मी दोन्ही कार्यालयांत लिनक्सचा एकेक लहान संगणक ठेवला आणि त्यावर दर सेकंदाला एक याप्रमाणे पिंग अखंड चालू केला. प्रत्येक ओळीवर वेळ छापायचा पर्याय देऊन सगळे उत्तर फाइलमध्ये साठवू लागले. दिवसाला ८६,४०० पॅकेट होतात. पाच दिवसांनी फाइल तपासली तेव्हा एकूण चार पॅकेट गळालेली आढळली, आणि त्यांतले एकही वहीतल्या वेळांशी जुळत नव्हते. वहीत सोमवारी ११ वाजून २० मिनिटे अशी नोंद होती. माझ्या फाइलमध्ये त्या वेळची प्रत्येक ओळ जागेवर होती, नऊ-नऊ मिलिसेकंदांची. बाईंच्या घड्याळात किंवा लिहिण्यात काही चूक असावी असा निष्कर्ष मी काढला, तो त्यांना बोलूनही दाखवला. तो निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा होता आणि त्यामुळे पुढचे तीन आठवडे मी भलत्या दिशेने गेले.

त्या दिशेतली पहिली पायरी म्हणजे एमटीआर. १९८७मध्ये व्हॅन जेकबसन यांनी लिहिलेला ट्रेसराउट वाटेतला एकेक राउटर उघड करतो. पॅकेटचे आयुष्य मोजणारा टीटीएल हा आकडा एकापासून वाढवत न्यायचा, म्हणजे तो संपेल तिथला राउटर तसे कळवतो. एमटीआर हेच काम पुनःपुन्हा करून प्रत्येक टप्प्यावरची लेटन्सी आणि लॉस एका तक्त्यात दाखवत राहतो. तो चालवताच मला तिसऱ्या टप्प्यावर ४० टक्के लॉस दिसला. मला वाटले, सापडले. पडद्याचे चित्र कंपनीला पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की तिसरा राउटर आयसीएमपीच्या उत्तरांवर मर्यादा ठेवतो, आणि चौथ्या व शेवटच्या टप्प्यांवर लॉस शून्य आहे याकडे कृपया लक्ष द्यावे. ते खरे होते. राउटर आपल्यातून जाणारी पॅकेट हार्डवेअरमधून भराभर पुढे काढतो, पण स्वतःला उद्देशून आलेल्या हाकेला त्याचा प्रोसेसर सवडीने उत्तर देतो किंवा देतही नाही. म्हणून मधल्या एखाद्या टप्प्यावर दिसलेला लॉस पुढच्या प्रत्येक टप्प्यावर, अगदी शेवटपर्यंत, टिकून असेल तरच तो खरा मानावा. हा नियम मी वाचलेला होता. घाईत तो पाळला गेला नाही. एमटीआर अतिशय उपयोगी साधन आहे, परंतु त्रास चालू असताना जागा शोधण्यासाठी. रात्रंदिवस पहारा देण्यासाठी ते नव्हे. शिवाय वाट दोन्ही दिशांना एकच असेलच असे नसते आणि एमटीआर केवळ जाण्याची वाट दाखवतो.

हे झाल्यावर मी नवीन साधने उतरवून घेणे थांबवले आणि आपल्याला नेमके काय हवे ते लिहून काढले. मोजणी अखंड हवी, कारण गळती केव्हा होईल ते माहीत नाही. प्रत्येक मोजमाप किंवा निदान त्यांचा पसारा जपला जावा, कारण सरासरीत पाच सेकंदांचा त्रास विरघळून जातो. मोजणी दोन्ही टोकांकडून व्हावी. आणि निघणारा पुरावा असा असावा की जो मला, शाखेतल्या बाईंना आणि कंपनीच्या अभियंत्याला एकसारखाच वाचता येईल. कोणाची पॅकेट मोजायची हा प्रश्न मात्र त्या कागदावर नव्हता. तो सुचायला आणखी काही दिवस जायचे होते.

या कसोट्यांना उतरणारे पहिले साधन स्मोकपिंग ठरले. टोबियस ओटिकर यांनी ते लिहिले आहे. मोजमापे साठवण्यासाठी ते त्यांच्याच आरआरडीटूल या साठवण-व्यवस्थेचा आधार घेते आणि पॅकेट पाठवण्यासाठी एफपिंग हे पिंगसारखेच साधन वापरते. दर फेरीला ते ठरावीक पॅकेट पाठवते, त्यांचे वेळ चढत्या क्रमाने लावते, मधोमध येणारा वेळ रेघेने काढते आणि बाकीचे वेळ त्या रेघेभोवती करड्या छटांनी पसरवते. लाइन स्थिर असेल तर एक बारीक हिरवी रेघ दिसते. वेळ पुढेमागे होऊ लागले की तिच्याभोवती धूर जमतो. पॅकेट गळाली की रेघेचा रंग बदलतो. हे चित्र कोणालाही समजावून सांगावे लागत नाही, आणि माझ्या मते या साधनाचे सर्वांत मोठे बळ तेच आहे.

त्याची मूळ मांडणी मात्र जशीच्या तशी घेण्यासारखी नव्हती. तीत दर ३०० सेकंदांना २० पॅकेट पाठवली जातात. ती २० पॅकेट सेकंदासेकंदाने गेली की फेरीचे काम २० सेकंदांत आटोपते आणि उरलेली २८० सेकंदे लाइनकडे कोणाचेच लक्ष नसते. मी फेरी ६० सेकंदांची आणि पॅकेट ५० केली, म्हणजे बहुतेक सगळा काळ नजरेखाली आला. हे बदल सुरुवातीलाच करावेत. साठवणीच्या फाइलींची रचना फेरीच्या लांबीवर आणि पॅकेटांच्या संख्येवर ठरते, त्यामुळे हे आकडे नंतर बदलले तर जुन्या फाइली चालत नाहीत. माझी दहा दिवसांची नोंद मला अशीच बाजूला काढून ठेवावी लागली. जुनी नोंद जसजशी मागे पडते तसतशी ती मोठ्या कालखंडांत एकवटली जाते, हेही ध्यानात ठेवावे लागते. महिन्यापूर्वीच्या एका विशिष्ट मिनिटाचा पुरावा हवा असेल तर तो तेव्हाच वेगळा जपून ठेवलेला असावा लागतो.

स्मोकपिंगने आठवडाभरातच एक गोष्ट दाखवून दिली, पण ती तक्रारीतली नव्हती. रोज दुपारी १ वाजता ९ मिलिसेकंदांची रेघ २४० मिलिसेकंदांपर्यंत चढे, तिच्याभोवती दाट धूर जमे आणि पंचवीस मिनिटांनी सगळे खाली येई. त्या वेळी शाखेचा सर्व्हर दिवसाच्या नोंदींची प्रत मुख्य कार्यालयाकडे पाठवत असे आणि राउटरच्या बाहेर पडण्याच्या रांगेत पॅकेट साचत. पॅकेट गळत नव्हती, ती ताटकळत होती. यावर उपाय माहीत होता: बाहेर जाण्याचा वेग लाइनच्या वेगापेक्षा किंचित कमी बांधून, २०१८च्या आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात वर्णिलेली एफक्यू-कोडेल ही रांग-पद्धत लावणे. ती लावल्यावर दुपारची टेकडी सपाट झाली. मला समाधान वाटले आणि त्याच समाधानात एक प्रश्न समोर आला. रोज दुपारी १ वाजता लेटन्सी एवढी चढत होती, तर वहीत १ वाजताची एकही नोंद का नव्हती? २४० मिलिसेकंदांच्या आणि सतत बदलणाऱ्या विलंबात बोलणे त्रासाचे व्हायला हवे होते. बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, “दुपारी फोन छान चालतो हो. संगणक तेवढा अडकतो.”

या उत्तरामुळे माझे डोळे उघडले. याचा अर्थ इतकाच होऊ शकत होता की फोनची पॅकेट त्या रांगेत उभीच राहत नव्हती. आमच्या टेलिफोनची पॅकेट निघतानाच त्यांच्या आयपी हेडरमध्ये (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीत) एक खूण घेऊन निघतात. डीएससीपी नावाच्या या खुणेची किंमत ४६ असते, आणि राउटर अशा पॅकेटांना प्राधान्याच्या वेगळ्या रांगेतून सर्वांच्या आधी पुढे काढतो. माझ्या पिंगच्या पॅकेटांवर अशी कोणतीच खूण नव्हती. म्हणजे एवढे आठवडे मी ज्या रस्त्यावर पहारा देत होते, त्या रस्त्याने फोन जातच नव्हते. तार एकच, पण तिच्यात दोन वाटा होत्या आणि मी चुकीच्या वाटेवर उभी होते. पाच दिवसांची ती निर्दोष फाइल खरी होती. बाईंची वहीही खरी होती.

लिनक्समधल्या पिंगला क्यू हा पर्याय देऊन हेडरमधला आकडा ठरवता येतो. डीएससीपीची ४६ ही किंमत त्या आठ बिटांच्या जागेत वरच्या सहा बिटांत बसते, म्हणून तिला चारने गुणून १८४ द्यावे लागतात. मी दोन खिडक्या उघडल्या. एकीत साधा पिंग, दुसरीत १८४ची खूण लावलेला पिंग, दोन्ही दर सेकंदाला एक. खूण वाटेत कोणी पुसत तर नाही ना, हे पाहण्यासाठी शाखेच्या संगणकावर टीसीपीडम्प हे पॅकेट टिपणारे साधन चालवून आलेली पॅकेट उघडून पाहिली. १८४ हाच आकडा तिथे षोडशमान पद्धतीने बी८ असा छापला जात होता. मग वाट पाहत बसले. सोमवारी ११ वाजून ३२ मिनिटांनी दुसऱ्या खिडकीतल्या ओळींचे क्रमांक उड्या मारू लागले: २११, २१२, २१४, २१५, २१६, २१९. पहिल्या खिडकीत एकही क्रमांक चुकला नाही. अकरा मिनिटांत खुणेच्या ६६० पॅकेटांपैकी ४१ गळाली, म्हणजे ६ टक्क्यांहून थोडी अधिक. साध्या पॅकेटांपैकी शून्य. शाखेतून फोन आला तो मी त्या खिडकीकडे पाहत असतानाच घेतला. बाई बोलत होत्या आणि त्यांच्या वाक्यातले शब्द जात होते. मी प्रथम त्यांची माफी मागितली.

आता दिशा शोधायची होती. पिंगमध्ये हाक गळाली की उत्तर गळाले हे कळत नाही, आणि लिनक्सचा संगणक उत्तरावरही हाकेचीच खूण लावतो, त्यामुळे दोन्ही दिशा सारख्याच संशयित होत्या. एका दिशेची मोजणी म्हटली की ओवॅम्प आणि ट्वॅम्प या मोजणी-पद्धतींची नावे येतात. पहिल्याची रीत २००६च्या आरएफसी ४६५६मध्ये आणि दुसऱ्याची २००८च्या आरएफसी ५३५७मध्ये घालून दिलेली आहे. संशोधन संस्थांच्या नेटवर्कांसाठी घडवलेल्या परफसोनार या संचात ती सगळी यंत्रणा तयार मिळते. मी तो संच लावून पाहिला. तो फार सखोल आहे, पण दोन कार्यालयांपुरत्या कामासाठी त्याचा पसारा मला पेलवला नसता. शिवाय एका दिशेचा विलंब मोजायचा तर दोन्ही टोकांची घड्याळे काटेकोर जुळलेली हवीत, आणि ती एनटीपी या घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने त्याच लाइनवरून जुळवली तर जाण्यायेण्याच्या वेळांतला फरक घड्याळांच्या चुकीत मिसळतो. इथे मला एक साधी गोष्ट लक्षात आली की माझा प्रश्न विलंबाचा नव्हता, गळतीचा होता. गळतीला घड्याळ लागत नाही. पॅकेटांना क्रमांक घालून पाठवायची आणि पलीकडे किती पोहोचली ते मोजायचे.

त्यासाठी आयपर्फ ३ पुरेसा होता. त्याची ख्याती लाइनचा जास्तीत जास्त वेग मोजण्यासाठी आहे, पण त्याला यूडीपीचा (पोच न मागणाऱ्या पॅकेटांचा) ठरावीक प्रवाह, पॅकेटचा आकार आणि हेडरमधली खूणही सांगता येते. आमचे फोन जी.७११ या पद्धतीने आवाज पाठवतात: दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज, त्यावर १२ बाइटचा आरटीपी हेडर. म्हणून मी १७२ बाइटची पॅकेट, सेकंदाला ५०, खूण १८४ असा प्रवाह तयार केला. थोडक्यात, लाइनला तो एक फोनच वाटावा. प्रथम मुख्य कार्यालयाकडून शाखेकडे आणि मग उलट दिशेने तो सोडला. मुख्य कार्यालयाकडून जाताना एकही पॅकेट गळाले नाही. शाखेकडून येताना गळती दिसली.

परंतु याच टप्प्यावर मोजमाप स्वतःच त्रासाचे कारण होऊ शकते, हेही दिसून आले. दुसऱ्या दिवशी मी हा प्रवाह सकाळभर चालू ठेवला, तर वहीतल्या नोंदी एकदम वाढल्या. प्रवाह थांबवला की आवाज सुधारे. म्हणजे माझा खोटा फोन खऱ्या फोनांच्या जागेत शिरून त्यांना धक्का देत होता, आणि यावरून असेही अनुमान निघत होते की त्या जागेला कुठेतरी कडा आहे. टेलिफोनच्या यंत्रणेतून मी मिनिटामिनिटाला किती संभाषणे चालू होती याची नोंद काढली आणि ती पिंगच्या गळतीशेजारी ठेवली. बारा संभाषणांपर्यंत गळती शून्य. तेरावे सुरू झाले की गळती सुरू.

गणित सरळ होते. १७२ बाइटवर यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट धरले की एक पॅकेट २०० बाइटचे होते. सेकंदाला ५० पॅकेट म्हणजे ८० केबीपीएस. बारा संभाषणे ९६० केबीपीएस घेतात, तेरा १,०४०. कडा १,००० केबीपीएसवर, म्हणजे १ एमबीपीएसवर असली पाहिजे. मी लाइनच्या कराराचे कागद काढले. सतराव्या पानावरच्या तक्त्यात लिहिलेले होते: शाखेच्या बाजूला प्राधान्य वर्गाची मर्यादा १ एमबीपीएस, त्यावरील पॅकेट टाकून दिली जातील. मुख्य कार्यालयाच्या बाजूची मर्यादा बरीच मोठी होती, म्हणून त्या दिशेला त्रास नव्हता. या मर्यादेचा वाईट भाग असा की ती तेराव्या फोनला अडवत नाही. तिला फोन दिसत नाहीत, बाइट दिसतात. त्यामुळे जास्तीचे ४० केबीपीएस सगळ्या तेरा संभाषणांतून थोडेथोडे कापले जातात, प्रत्येकातून सुमारे ४ टक्के, आणि एक माणूस फोन उचलतो तेव्हा बारा जणांचे शब्द जातात. कंपनीची लाइन कराराप्रमाणे चालत होती. करार करताना शाखेत फोन किती आहेत हे आमच्याकडून कोणी मोजले नव्हते.

वरिष्ठांनी मला विचारले की एवढ्याशा ४ टक्क्यांनी काय बिघडते. आवाजाचे उत्तर त्यांनी स्वतः ऐकले होते. फाइलींसाठी मी त्यांना १९९७मध्ये मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले सूत्र दाखवले. त्यानुसार जुन्या पद्धतीच्या टीसीपीचा, म्हणजे फाइली पोचवणाऱ्या पद्धतीचा, वेग जाण्यायेण्याच्या वेळाच्या आणि गळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ५० मिलिसेकंदांच्या वाटेवर नुसता १ टक्का लॉस असला तर एका जोडणीचा वेग ३ एमबीपीएसच्या आतच अडकतो, मग लाइन कितीही रुंद असो. हे ऐकून प्राधान्य वर्ग वाढवण्याची मंजुरी मिळाली.

कायमच्या पहाऱ्यासाठी दोन उमेदवार उरले होते. एक स्मोकपिंग आणि दुसरा प्रोमिथियस ही आकडे गोळा करणारी देखरेख-व्यवस्था, ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर या तिच्या तपासणी-साधनासह, आणि चित्रांसाठी ग्राफाना. प्रोमिथियसचा पक्ष मला मनापासून आवडतो. सर्व्हर, सेवा आणि नेटवर्क यांचे आकडे एका जागी येतात, इशारे नेमके लावता येतात, शेकडो ठिकाणे सांभाळता येतात. पण ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर प्रत्येक तपासणीला एकच आयसीएमपी पॅकेट पाठवतो. दर १५ सेकंदांना तपासणी ठेवली तर दिवसाला ५,७६० पॅकेट होतात. दहा मिनिटांच्या गळतीत फक्त ४०. त्या चाळिसांत ४ टक्के म्हणजे एक-दोन पॅकेट, ज्यांकडे पाहून कोणीही योगायोग म्हणेल. सेवा चालू आहे का, या प्रश्नासाठी ते उत्तम आहे. लाइन कशी चालली आहे, या प्रश्नासाठी मला अधिक दाट मोजणी हवी होती.

निवड अखेर एका छोट्या सोयीवर ठरली. स्मोकपिंगमध्ये एफपिंगची एकाच प्रकारची तपासणी वेगवेगळ्या नावांनी अनेकदा मांडता येते आणि प्रत्येकीला स्वतंत्र खूण देता येते. मी एक साधी आणि एक १८४ची अशा दोन तपासण्या लावल्या आणि त्यांचे आलेख एकाखाली एक ठेवले. दोन्ही मिळून लाइनवर पडणारा भार एका फोनच्या पाच टक्क्यांहूनही कमी आहे. तपासणीची ठिकाणे तीन: आपला राउटर, कंपनीचा पहिला राउटर आणि पलीकडच्या कार्यालयातला संगणक. पहिल्यावर गळती दिसली तर दोष आपल्या घरात. फक्त तिसऱ्यावर दिसली तर तो लाइनवर. दुसऱ्याचा लॉस तिसऱ्यावरही उमटला तरच मोजायचा, हा एमटीआरने शिकवलेला धडा सोबतच्या टिपणात लिहून ठेवला आहे. इशारा एका पॅकेटवर वाजत नाही. काही फेऱ्यांच्या अंतराने तीनदा गळती दिसली तरच संदेश येतो, कारण रोज वाजणारी घंटा आठवड्याभरात कोणी ऐकत नाही. आयपर्फ ३ दोन्ही टोकांवर तयार ठेवला आहे, पण तो हाताने आणि फक्त संभाषणे कमी असतील तेव्हाच चालवायचा. एमटीआर त्रास चालू असतानाच.

प्राधान्य वर्ग २ एमबीपीएसचा झाला. त्यात ८० केबीपीएसची २५ संभाषणे काठोकाठ बसतात, म्हणून टेलिफोनच्या यंत्रणेत २४ची मर्यादा घातली. पंचविसाव्याला व्यस्ततेचा सूर ऐकू येईल, इतरांचे शब्द जाणार नाहीत. बाईंच्या वहीतली शेवटची नोंद त्या बदलाच्या आदल्या दिवसाची, १२ वाजून ५ मिनिटांची आहे. ती वही त्यांनी माझ्याकडे दिली आणि ती मी स्मोकपिंगच्या संगणकाशेजारीच ठेवली आहे.

गेल्या महिन्यात शाखेत व्हिडिओ बैठका सुरू झाल्या. त्यांच्या पॅकेटांवर ३४ची खूण असते आणि करारात त्या वर्गाचीही वेगळी मर्यादा लिहिलेली आहे. चाराने गुणले की १३६ होतात. पहिली बैठक भरण्याच्या आदल्या दिवशीच मी तिसरी तपासणी लावली.